आई-बाबा सध्या आउट ऑफ स्टेशन!

रिटायरमेंटनंतरचं एक अख्खं वर्ष आई-बाबांनी स्वतःच्या हिशोबानं वाटून घेतलं. थोडं एडिसन, बरंचसं नर्मदाकाठ आणि उरलेलं एसटीच्या हाफ तिकिटावर. मागे राहिलेल्या लेकीनं डिसेंबरात सुट्टी टाकून त्यांना गाठलं, त्याची ही गोष्ट.

तुमच्या ऑफिसात जरा आजूबाजूला बघा. संध्याकाळी साडेसहाला कॉल रंगलेला असताना जो कलीग एकदाही घड्याळाकडे बघत नाही ना, त्याच्या घरी आई किंवा सासूबाई आहेत असं खुशाल समजा. मूल शाळेतून आलंय, त्याला वरणभात मिळालाय, सिलिंडरवाला येऊन गेलाय आणि प्लंबरच्या मागे उभं राहून नळही दुरुस्त करून घेतलाय. आपण 'वर्क-लाइफ बॅलन्स' म्हणून जे मिरवतो, ते प्रकरण बऱ्याचदा साठीपुढच्या दोन माणसांच्या गुडघ्यांवर उभं असतं.

माझंही होतं. जून 2024 पर्यंत!

माझी आई गणिताची शिक्षिका. 2020 च्या मे महिन्यात रिटायर झाली, म्हणजे ऐन लॉकडाउनमध्ये. निरोप समारंभ मोबाइलच्या स्क्रीनवर, शाल-श्रीफळ वर्षभरानं. त्याच सप्टेंबरात माझी लेक जन्मली आणि आईची दुसरी नोकरी सुरू झाली. सकाळी आठ ते रात्री आठ, बिनपगारी, रविवारी ऑन कॉल. बाबा वीज मंडळातले. 2005 मध्ये मंडळाच्या कंपन्या झाल्या, तरी आमच्या घरी अजून 'बोर्ड'च म्हणतात. ते आईच्या चार वर्षं आधी रिटायर झालेले, त्यामुळे या दुसऱ्या नोकरीत आईचे असिस्टंट.

2024 च्या गुढीपाडव्याला जेवताना आई म्हणाली, "जूनपासून वर्षभर आम्ही नाही आहोत."

श्रीखंडाचा चमचा तोंडाशी धरून माझ्या नवऱ्यानं विचारलं, "नाही आहोत म्हणजे?"

"म्हणजे आउट ऑफ स्टेशन," बाबा म्हणाले आणि त्यांनी पुरी वाढून घेतली.

लोडशेडिंगचा तक्ता

बाबांच्या डायरीत बारा महिन्यांचे बारा चौकोन आखून तयार होते. त्याला ते 'लोडशेडिंगचा तक्ता' म्हणत होते. कुणाकडे कधी सप्लाय बंद, ते आधीच कळवलेलं बरं!

तक्ता बघितला तर त्यात डोकं होतं. जून ते ऑगस्ट दादाकडे अमेरिकेत, कारण वहिनीचं बाळंतपण तेव्हाच आणि इकडे पावसात प्रवासाचे हाल. गणपती आणि दिवाळी पुण्यात. कार्तिकी एकादशी झाली की नर्मदा परिक्रमा, बसनं. चातुर्मासात परिक्रमा करत नाहीत, म्हणून त्याच्या आधी नाही. परिक्रमा संपली की परत न येता तिथेच काठावर मुक्काम ठोकायचा आणि काहीतरी कामाचं करायचं. मात्र फेब्रुवारीअखेर निघायचं, कारण तो निमाडचा भाग. खरगोनचं नाव दर उन्हाळ्यात तापमानाच्या बातम्यांत असतं. मार्च ते मे नातेवाईक. त्यांच्याकडे पंखा असतोच.

पैशाचं गणित आईनं मांडलं. तिचं पेन्शन आणि बाबांच्या फंडाचं व्याज. ("बोर्डाला पेन्शन नाही" हे वाक्य आमच्या घरी आरतीसारखं आहे, रोज एकदा होतंच.) फ्लॅट भाड्यानं द्यायचा नाही. तुळस माझ्या गॅलरीत येणार आणि आठवड्यातून एकदा मी जाऊन नळ सोडून बघायचे.

माझ्या घरात या वर्षाची किंमत पाळणाघराच्या फीमध्ये मोजली गेली. साडेसहाच्या कॉलला मी घड्याळाकडे बघायला लागले. नवऱ्याची आणि माझी 'आज कोण लवकर निघणार' यावरून रोज सकाळी एक मॅच व्हायची, ती बहुतेक ड्रॉ. पण खरा पेच पुण्यात नव्हता, तो एडिसनमध्ये होता.

दहा आठवडे म्हणजे दहा आठवडे

अमेरिकेतल्या मराठी घरांत बाळाच्या पहिल्या वर्षाचा एक रिले ठरलेला असतो. टुरिस्ट व्हिसावर गेलेल्या आजी-आजोबांना सहसा एका वेळी सहा महिने राहता येतं. म्हणजे पहिले सहा महिने एका बाजूचे, पुढचे सहा दुसऱ्या बाजूचे, मग बाळ वर्षाचं होतं आणि डे-केअरमध्ये जातं. दादानंही तसंच धरलं होतं. आईनं सांगितलं, दहा आठवडे.

दादा चिडला नाही. गप्प झाला, आणि ते जास्त वाईट होतं. आईनं त्याला फोनवर काय समजावलं हे मला त्यानंच नंतर सांगितलं. ती म्हणाली होती, "अरे, शाळेत मला कधी ऑफ तास मिळाला नाही. कोणी गैरहजर असलं की त्याच्या वर्गावर मी. आता आयुष्यात पहिल्यांदा एक ऑफ तास घेतेय, तर त्यातही मला वर्गावर पाठवू नकोस."

ते गेले. डिंकाचे लाडू, बाळाला शेक, वहिनीला सकाळी खीर, सगळं यथासांग झालं. आईनं त्या दहा आठवड्यांत एडिसन फारसं बघितलंच नाही. ओक ट्री रोडवर दोनदा गेली, गुजराती पाट्या आणि साड्यांची दुकानं बघून म्हणाली, "यापेक्षा लक्ष्मी रोड बरा." बाबांना मात्र खजिना सापडला. ज्या माणसाच्या नावानं ते गाव आहे, त्या थॉमस एडिसनची मेन्लो पार्कची प्रयोगशाळा याच गावात होती. 1879 च्या 31 डिसेंबरला लोकांना बोलावून त्यानं विजेचे दिवे दाखवले ते इथेच. प्रयोगशाळेच्या जागी आता सव्वाशे फुटांहून उंच मनोरा आहे आणि त्याच्या डोक्यावर काचेचा भलामोठा बल्ब. 1930 च्या दशकात बांधलेला. दादाचे बाहेरगावचे पाहुणे न्यूयॉर्कला स्वातंत्र्यदेवीचा पुतळा बघायला जातात, बाबा दर दोन-चार दिवसांनी या बल्बाखाली जाऊन उभे राहायचे. चपला काढायच्या तेवढ्या राहिल्या! आयुष्यभर सबस्टेशनात काढलेल्या माणसाला याहून मोठं तीर्थक्षेत्र कुठलं?

ऑगस्टच्या शेवटी ते परतले. विमानतळावर दादानं आईला नमस्कार केला, पण "परत कधी?" विचारलं नाही, असं बाबा म्हणाले.

उजव्या हाताला नदी

नर्मदा परिक्रमेचं मराठी माणसाला भारी वेड. गोनीदांच्या पिढीपासून ते आहे, आणि अलीकडे ते इतकं वाढलंय की काठावरच्या आश्रमांत मराठी ऐकू आलं नाही तरच नवल. मुळात कल्पनाच हटके आहे. बाकी तीर्थयात्रांत आपण कुठेतरी पोहोचतो. इथे पोहोचायचं कुठेच नाही, नदी सतत उजव्या हाताला ठेवून तिच्याभोवती फिरायचं आणि निघालो तिथे परत यायचं. नदी 1312 किलोमीटर लांब, दोन्ही काठ धरले की अडीच हजारांच्या वर. पायी जाणारे महिनोन्‌महिने चालतात. नदी मधेच ओलांडायची नाही हा मुख्य नियम. कोणी भेटलं की 'नमस्कार' नाही, 'नर्मदे हर!'

आई-बाबांची बसची होती, अठरा दिवसांची. ओंकारेश्वरला पूजा करून छोट्या बाटलीत नर्मदेचं पाणी घेतलं, ती बाटली शेवटपर्यंत सांभाळायची. पश्चिमेला जिथे नदी समुद्राला मिळते तिथे पूल ओलांडून चालत नाही, म्हणून माणसं होडीतून खाडीच्या तोंडाला वळसा घालतात. त्यांची रिकामी बस तेवढी पुलावरून पलीकडे गेली. होडी भरतीच्या वेळेवर सुटते, त्यामुळे मध्यरात्रीपासून किनाऱ्यावर बसावं लागलं. आईला ते तास सगळ्यात आवडले. अंधारात तीस-पस्तीस म्हातारी माणसं वाळूवर बसलेली, कुणालाच कुठे फोन लागत नव्हता. गरुडेश्वर, भेडाघाट, अमरकंटक हे सगळं झालं, फोटो ग्रुपवर आले, आम्ही अंगठे दाखवले. बाबांचं मत असं की अठरा दिवसांत जास्त वेळ बसची काच बघितली. ते फार चुकीचं नसावं.

गंमत पुढे आहे. बस ओंकारेश्वरला परत आली, कढईचा प्रसाद झाला, बाकी सगळे पुण्याच्या गाडीत बसले आणि हे दोघं सामान घेऊन मंडलेश्वरला उतरले.

सुट्टी टाकून गाठलं

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मी लेकीला घेऊन गेले. नवऱ्याचं इयर-एंड होतं (कुणाचं नसतं?). पुण्याहून रात्रीची इंदूरची बस. धुळं, शिरपूर, सेंधव्याचा बिजासन घाट, आणि उजाडता उजाडता खलघाटचा लांबलचक पूल. पूल आला की अर्धी बस जागी होते, खिडक्या सरकतात, कुणी हात जोडतं, कुणी नाणं टाकतं. पुढे लगेच धामनोद. तिथे उतरलं की महेश्वर तासाभराच्या आत आणि महेश्वरपासून मंडलेश्वर आठ-नऊ किलोमीटर.

महेश्वर मराठी माणसाला परकं वाटतच नाही. अहिल्याबाई होळकरांनी इथून राज्य केलं. 1725 मध्ये चौंडीला जन्मलेली बाई, आणि घाट-मंदिरं बांधली काशीपासून रामेश्वरपर्यंत. किल्ल्यातला त्यांचा वाडा बघून माझी लेक म्हणाली, "राणीचं घर एवढंसंच?" खरंच एवढंसंच आहे. लाकडी खांब, ओसरी, साधी बैठक. सकाळी तिथे मातीची छोटी छोटी शिवलिंगं करून पूजा होते आणि ती नदीत सोडतात, ही रीत अजून चालू आहे. खाली घाट. अक्षयकुमारचा 2018 चा 'पॅडमॅन' बघितला असेल तर तुम्ही हा घाट बघितलाय. आम्ही गेलो तेव्हा बाईंच्या त्रिशताब्दीची गडबड सुरू झाली होती. पुढे 24 जानेवारी 2025 ला मध्य प्रदेशचं अख्खं मंत्रिमंडळ बैठकीला महेश्वरात आलं. "रस्ता कसा चकाचक केलाय बघायला हवा होतास," आईनं फोनवर सांगितलं.

आणि अर्थात साड्या! महेश्वरीचा काठ दोन्ही बाजूंनी नेसता येतो हे माहीत होतं, पण त्यावरची नक्षी किल्ल्याच्या दगडातून आणि नदीच्या लाटांवरून उचलली आहे, हे मागावर बसलेल्या बाईनं बोट ठेवून दाखवल्यावर दिसलं. हे विणकाम मध्यंतरी मरायला टेकलं होतं. 1970 च्या दशकाच्या अखेरीला होळकर घराण्यातल्या जोडप्यानं 'रेहवा' संस्था काढली, त्यानंतर ते पुन्हा सावरलं. मी दोन घेतल्या. एक माझी, एक वहिनीची. आईनं वहिनीच्या साडीचा रंग तीनदा बदलायला लावला.

बे एके बे, दो एकम दो

मंडलेश्वरला आई-बाबांनी एक खोली भाड्यानं घेतली होती. एक शेगडी, दोन खाटा, दोरीवर कपडे. आमच्या पुण्याच्या फ्लॅटचा हॉलसुद्धा याहून मोठा. जेवायला अंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकरी. निमाडात तिला 'अमाडी' म्हणतात. आई खूश. "बघ, चार नद्या ओलांडून आलो तरी भाजी तीच!"

या पट्ट्यात मराठी माणसं काम करायला येतात, त्यातलं सगळ्यांना माहीत असलेलं नाव म्हणजे भारती ठाकूर. नाशिकच्या या बाईंनी पायी परिक्रमा केली, काठावरच्या मुलांची शाळेची अवस्था बघितली आणि नंतर इथेच येऊन राहिल्या. लेप्याचं 'नर्मदालय' त्यांचं. आईनं त्यांचं पुस्तक वाचलं होतं, तिथूनच हे खूळ डोक्यात शिरलेलं. तिला स्वतःला काम मिळालं ते जवळच्याच एका गावातल्या लहानशा शाळेत, तिसरी-चौथीच्या गणिताचं.

बत्तीस-तेहतीस वर्षं गणित शिकवलेल्या बाईला काय अवघड? पहिल्याच दिवशी विकेट पडली. शिकवायचं होतं हिंदीतून! 'बे दुणे चार'चं 'दो दूनी चार' करता आलं, पण फळ्यावर 89 लिहून आई 'एकोणनव्वद'च्या हिशोबानं काहीतरी 'उननब्बे' की काय म्हणाली आणि अख्खा वर्ग फुटला. "नवासी, दीदी, नवासी!" बासष्ट वर्षांच्या आईला तिथे सगळे दीदी म्हणत होते. मग सौदा ठरला. सकाळी पहिली दहा मिनिटं मुलं दीदीला आकडे शिकवणार, नंतर दीदी मुलांना गणित.

शाळेबाहेरच्या ओट्यावर एक आजोबा बसलेले असायचे. एकदा आई मुलांना 'दीड'चा हिशोब समजावत होती, तर बाहेरून हे आजोबा ताल धरून ड्योढा म्हणायला लागले. आपल्याकडची दिडकी! पावकी-निमकी-सवायकी आईच्या वडिलांना पाठ होती, आईला अर्धवट. त्या दुपारी ओट्यावर दोघांची जुगलबंदी झाली, एक हिंदीत, एक मराठीत. मुलं मधे बसून टाळ्या वाजवत होती. माझ्या लेकीनं ती चाल पुण्याला येईपर्यंत सोडली नाही.

पण सगळं असं गोड नव्हतं. निमाडात डिसेंबर-जानेवारी हा लाल मिरचीच्या तोडणीचा हंगाम. बेडियाची मिरचीची मंडी तिकडे प्रसिद्ध आहे. बसमधून जाताना शेताशेतांत वाळत घातलेल्या मिरच्यांचे लाल गालिचे दिसतात, फोटो भन्नाट येतात. त्याच दिवसांत शाळेचा हजेरीपट रिकामा असतो. मोठी मुलं तोडणीला, आणि जी तोडणीला जात नाहीत ती घरी धाकटी भावंडं सांभाळायला. चौथीतली एक मुलगी, आईच्या मते वर्गातली सगळ्यात तल्लख, आठवड्यातून दोन दिवस यायची. बाकी दिवस तिच्या कडेवर आठ-नऊ महिन्यांचा भाऊ.

आई तिच्या घरी गेली. मुलीची आई पहाटे शेतावर जाते, बाप ट्रॅक्टरवर. आजी नाही. "बाळाला कुणाकडे ठेवू?" या प्रश्नाला आईकडे उत्तर नव्हतं. पुण्यात ते पाळणाघराच्या फीचं असतं. शेवटी आई म्हणाली, "त्यालाही घेऊन ये."

म्हणून मी शाळेत पोहोचले तेव्हा जे दिसलं ते असं. फळ्यासमोर माझी आई, एका हातात खडू, दुसऱ्या हातानं खांद्यावर एक शेंबडं गुटगुटीत बाळ धरलेलं. बाळानं चष्म्याची दोरी तोंडात घातलेली. समोर ती मुलगी वही उघडून भागाकार करतेय.

मी मोबाइल काढला. आई म्हणाली, "फोटो दादाला पाठवू नकोस."

मी काही विचारलं नव्हतं, पण संध्याकाळी घाटावर बसल्यावर तीच बोलायला लागली. "त्याला वाटेल, स्वतःच्या नातवाला दहा आठवडे आणि परक्या बाळाला... तसं नाहीये गं. तिथे मी नसते तर त्यांनी सोय केली असती, केलीच की. इथे ते बाळ मी सांभाळत नाहीये. तिचा भागाकार होईपर्यंत नुसतं धरलंय." मग बराच वेळ काही बोलली नाही. माझी लेक पायरीवर बसून पाण्यात द्रोणातले दिवे सोडत होती, एक रुपयाला नाही, दहाला एक.

मला आईचं म्हणणं पटलं की नाही, हे मला तेव्हा सांगता आलं नसतं. पाळणाघराच्या पावत्या माझ्या पर्समध्ये होत्या.

आकडे आणि आकडे

बाबांचं काय चाललं होतं? बाबा तिथे पहिले पंधरा दिवस राजा होते. शाळेचं वायरिंग बघून त्यांनी कपाळाला हात लावला. अर्थिंगच नाही! इंदूरहून सामान आणवलं, खड्डा खणून घेतला, मीठ-कोळसा घालून रीतसर अर्थिंग केलं आणि सगळ्या मुलांना रांगेत उभं करून ते काय असतं ते सांगितलं. बातमी गावात पसरली. मग कुणाच्या पंपाचा स्टार्टर, कुणाची जळलेली मोटार. फक्त एक अट, वायरवर आकडा टाकलेला असेल त्या घरी बाबा पाऊल टाकणार नाहीत. आता अशानं गावात किती घरं उरणार? आई म्हणायची, "मी 'आकडे' शिकवतेय आणि हे आकडे मोजतायत."

मंडलेश्वरजवळच महेश्वर जलविद्युत प्रकल्पाचं धरण आहे. 400 मेगावॅटचा हा प्रकल्प वर्षानुवर्षं रखडलेला. त्यापायी काठावरच्या गावांचा मोठा लढा झाला, आणि 2020 मध्ये राज्य सरकारनं वीजखरेदीचा करारच रद्द केला. बाबा मला तिकडे घेऊन गेले. इंजिनिअर माणूस, दरवाजे किती, टर्बाइन कुठे, सगळं हात करून दाखवलं. मग म्हणाले, "युनिट पडलं असतं तर बघायला मजा आली असती." थोड्या वेळानं, "पण ज्यांच्याकडे आपण दुपारी जेवलो ते कुठे गेले असते, कुणास ठाऊक."

जानेवारीत मात्र बाबा कंटाळले. पेपर नाही, बागेतला ग्रुप नाही, गुडघा थंडीत धरतो. ते आईला तसं बोलले नाहीत, मला फोन करून बोलले. आई निघायला तयार नव्हती. अडतीस वर्षांच्या संसारात दोघांना एकाच गोष्टीचा कंटाळा एकाच वेळी येत नाही, हे त्यांना तिथे कळलं असावं. पुण्यात ते लपून राहतं, कारण घरात चार खोल्या असतात.

भुसावळला उशीर झाला

डायरीत मार्च-एप्रिल-मे या चौकोनांत नावं होती. ती नात्यानं नाही, वयानं लावलेली. सगळ्यात म्हातारं माणूस आधी! सकाळी सहाला फोन वाजून कळण्यापेक्षा आपण होऊन भेटून आलेलं बरं, असा बाबांचा रोखठोक हिशोब. यादीत एकच अपवाद होता. दीपनगरला औष्णिक वीजकेंद्रात बाबांबरोबर असलेले त्यांचे मित्र, रिटायर होऊन भुसावळला राहिलेले. ते बाबांपेक्षा लहान. पण खंडव्याहून परतताना भुसावळ वाटेतच लागतं, म्हणून ते फेब्रुवारीच्या चौकोनात.

मित्र जानेवारीत गेले. झोपेत. फोन सकाळी सहालाच आला, मंडलेश्वरच्या खोलीवर.

आई म्हणाली, लगेच निघू. बाबा म्हणाले, आता घाई कशाला? ठरल्याप्रमाणे फेब्रुवारीत गेले. भुसावळला दोन दिवस राहिले. मित्राच्या घरातला बंद पडलेला गीझर बाबांनी दुरुस्त केला, स्टोअररूममधली त्यांची टूलबॉक्स त्या वहिनींनी बाबांना दिली. ती आता पुण्याच्या फ्लॅटमध्ये टीव्हीच्या खाली असते. बाबा ती उघडत नाहीत.

पुढचे तीन महिने एसटी. पासष्ट पूर्ण म्हणून बाबांना हाफ, आणि 2023 पासून बायकांना हाफ म्हणून आईलाही. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत 2020 मध्ये गेली त्याचा सगळा राग बाबांनी लाल डब्यातून वसूल केला. अकोला, सांगली, मालवण, मधेमधे दोन-चार दिवस पुण्यात कपडे धुवायला. सांगलीच्या काकूंनी आईला ओळखलं नाही, बाबांना मात्र लहानपणच्या नावानं हाक मारली. मालवणला आत्याकडे आठवडा राहणार होते ते सतरा दिवस राहिले, त्यात बाबांनी पंप बसवून दिला हे सांगायला नकोच.

तुमच्याही घरात असा तक्ता शिजत असेल तर अनुभवाचे दोन शब्द. नर्मदाकाठी कामाला जायचं तर पंधरा दिवसांसाठी जाऊ नका, संस्थांना तुमची सोय करण्यातच आठवडा जातो. दोन-तीन महिने आणि एकच काम, हे त्यांना परवडतं. आधी फोन करा, हिंदी घासून घ्या, गोळ्यांचा पूर्ण साठा बरोबर ठेवा. आणि दोघांनी मिळून जायचं तर दोघांना वेगवेगळं काम आहे की नाही ते बघा.

एकच तिकीट

2025 च्या जूनमध्ये वर्ष संपलं. आमच्या घरी सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. लेक सीनियर केजीत गेली, दुपारी आजीकडे. साडेसहाच्या कॉलला मी पुन्हा निवांत.

ऑक्टोबरात दिवाळीचा फराळ करताना आईनं सांगितलं की ती नोव्हेंबरात मंडलेश्वरला चालली आहे, चार महिन्यांसाठी. ती मुलगी पाचवीत गेली होती आणि मध्य प्रदेशात पाचवीला बोर्डाच्या धर्तीची परीक्षा असते. बाबांनी चकलीचा सोऱ्या खाली ठेवला. "मी पंधरा दिवसांच्या वर नाही," ते म्हणाले. आई म्हणाली, "तुम्ही यायचंच नाही. मी एकटी जातेय." दादाला हे तिनंच फोन करून सांगितलं आणि फोटोही तिनंच पाठवला, तोच, चष्म्याच्या दोरीचा. त्याचं उत्तर दोन दिवसांनी आलं. 'हा आपल्या बाळासारखाच दिसतो. तुझी फीस किती?' पुढे एक हसरा चेहरा. आईनं तो मेसेज मला तीनदा दाखवला आणि विचारलं, हा खरंच हसला असेल का?

इंदूरचं एकच तिकीट काढलं गेलं. फ्रिजवर कागद लागला. भाताला तीन शिट्या, डाळीला पाच, दूध उतू जाऊ द्यायचं नाही. बाबांनी त्याखाली स्वतःच्या अक्षरात एक ओळ लिहिली. नातीला शाळेतून मी आणणार, फक्त मंगळवार आणि गुरुवार. बाकीच्या तीन दिवसांसाठी आम्ही पाळणाघरात पुन्हा नाव घातलं.

आईचा फोन रोज रात्री साडेआठला यायचा. बाबांना गोळ्यांचं विचारायची, नातीला पाढ्यांचं. पहिल्या आठवड्याच्या शेवटी म्हणाली, ती मुलगी चार दिवस आली. धाकटा आता चालायला लागलाय, त्यामुळे वर्गात त्याला धरून ठेवणं जास्तच अवघड झालंय.